वाचताना लक्ष कुठे असतं

"कागदावर वाचलेली गोष्ट श्रिया छान सांगते. तीच टॅबवर वाचली, की निम्मी विसरते," टीचरने तिच्या बाबाला, हरीशला सांगितलं. त्या दिवसापासून हरीश ईस्ट टामाकी भागातल्या आपल्या ऑफिसातून तिच्या धड्यांचे प्रिंट काढून आणू लागला. श्रिया मात्र ते कागद बाजूला सारून टॅबच घेऊन बसायची.

शेवटी तो वैतागला. "अगं, कागदावर सगळं समजतं ना तुला?"

"हो, हीप्स, म्हणजे खूपच समजतं."

"मग हा हट्ट कशाला?"

टॅबच्या वरच्या कोपऱ्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "वाचताना पुण्याहून आईचा कॉल आला तर? तुझ्या फोनवर तर ती करत नाही ना, बाबा."