तिसरा जावई

टेम्पो फाटकातच आडवा. डोळ्यांच्या दवाखान्याचं फाटक ते. पट्टी बांधलेली माणसं चाचपडत आत-बाहेर करतायत, आणि या भंगारवाल्या मावशी काही हलायला तयार नाहीत. नोंदणीच्या बाई तिसऱ्यांदा बाहेर आल्या. मावशींचे दोन जावई टेम्पोत बसून पाय हलवत होते. तिसरा मागच्या आवारात गंजकी खाट सुटी करायला गेला तो गेलाच. तुम्ही व्हा पुढे, तो येईल मागून चालत, असं बाईंनी परोपरीनं सांगून पाहिलं. मावशी ढिम्म.

असल्या संथ कारभाराचा बाईंना हल्ली रागच येई. बावीस वर्षांचे केसपेपर जुन्या कॉम्प्युटरमधून नव्यात न्यायचे होते. कागद कधीच नष्ट केलेले, म्हणजे जे काही होतं ते त्या एका डबड्यात. त्यासाठी बाई पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकल्या. पहिली स्क्रिप्ट एकेक फाइल उचलायची. तिला दोन दिवस लागले असते. कोण बसतंय तिच्या तोंडाकडे बघत! काल एक व्हिडिओ बघून बाईंनी तिला एकाच वेळी वीस-वीस फायली न्यायला शिकवलं. आज सकाळी बटण दाबलं, आणि पापणी लवायच्या आत पडद्यावर उमटलं, ‘सगळं झालं’. बाई खूश. जुन्या कॉम्प्युटरची वायर उपटून त्यांनी तो मावशींच्या हवाली केला.

बाई चरफडत आत वळल्या, तर डॉक्टर टेबलापाशी उभे. उद्या ऑपरेशन असलेल्या आजोबांना मागच्या वेळी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता, ते त्यांना हवं होतं. आजोबांना आठवत नव्हतं. बाईंनी ऐटीत फाइल उघडली.

कोरी. दुसरी उघडली, तीही कोरी. नावं सगळी ओळीनं, आत काही नाही. बाईंनी स्क्रिप्ट उघडून पाहिली, तेव्हा उमगलं. स्क्रिप्टनं सगळी कामं भराभर पुढे धाडली होती आणि एकही पुरं व्हायची वाट न बघता ती ‘झालं’ म्हणून मोकळी झाली होती. नीट सुरुवात व्हायच्या आतच बाईंनी वायर उपटली होती.

त्या धावल्या. एक चप्पल वाटेतच राहिली.

टेम्पो तिथंच होता, फाटकात आडवा. मोडक्या खाटांच्या ढिगावर जुना कॉम्प्युटर. बाईंनी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मावशींना वाटलं, चौथ्यांदा भांडायला आल्या.

“निघतेच बाई, चिडू नका,” त्या म्हणाल्या. “पण तिघांना कामाला मीच धाडलं ना? शेवटचा परत आल्याशिवाय झालं असं मी कसं म्हणू?”