गेटला कुलूप

उद्या कामाचा पहिला दिवस, म्हणून ती ड्रेसला इस्त्री करत होती, तेवढ्यात नवरा म्हणाला, "राहू दे तो. नोकरी खोटी होती तुझी."

इस्त्री तिच्या हातात तशीच राहिली. "खोटी कशी? एक पैसा मागितला नाही हो त्यांनी."

"आधी विश्वास बसवतात, पैसे मागाहून मागतात." सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. रोजचंच वाचन, माहीत असणारच!

चष्म्याच्या कारखान्यातलं काम. भिंग उजेडात धरायचं, ओरखडा दिसला की बाजूला काढायचं. निवडीच्या दिवशी तिथल्या बाईंनी चाळीस भिंगं पुढ्यात ठेवली होती. त्यांच्या हिशेबाने सहा खराब होती; हिने सातवंही दाखवलं. बाई "शाबास" म्हणाल्या आणि घरी येईपर्यंत हिचे पाय जमिनीवर नव्हते. लग्नाला अकरा वर्षं झाली, या घरात तो शब्द कुणी काढला होता का? नावच नको.

"शुक्रवारी मुद्दाम जाऊन आलो," नवरा सांगत होता. "गेटला हे एवढं कुलूप! रातोरात गाशा गुंडाळला लेकाच्यांनी. तुझ्या फोनवर त्यांचा नंबरही ब्लॉक केलाय."

"थोडक्यात वाचलीस गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा म्हणून एवढं लक्ष ठेवतो."

तिचे डोळे भरून आले. आपणच खुळ्या, असं तिला वाटलं. "बरं झालं तुम्ही जाऊन आलात," ती नवऱ्याला म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

ड्रेसची घडी घालून तिने तो बाजूला ठेवला आणि त्याची पँट पसरली. शुक्रवारीच घातलेली. खिशात काहीतरी कडक लागलं, म्हणून तिने हात घातला.

गेटपास. तिचाच फोटो, कारखान्याचा शिक्का, शुक्रवारची तारीख.

"अहो, कुलूप होतं ना? मग हे कुणी दिलं?"

सासरे पुन्हा पेपरात शिरले. सासूबाई उठून आत गेल्या. नवल कुणालाच वाटलं नव्हतं.

नवऱ्याने मोबाईलवरून मानसुद्धा वर केली नाही. "वॉचमनने. येणार नाही म्हणून कळवलंय मी त्यांना."

"पण नोकरी खरी होती!"

"म्हणून तर. खोटी असती तर जाऊ दिलं असतं की. चार दिवसांत तोंड पाडून घरी आली असतीस."

ती गेटपासवरचा आपला फोटो बघत राहिली.

"बघत काय बसलीस? घडी नीट येऊ दे. उद्या कामावर जायचंय मला."