धड्यातला पुरावा

“मत सांगितलं, की धड्यातला पुरावा द्यायचा,” चारुलताबाई म्हणाल्या. नेरुळच्या शाळेतली सातवी ‘ब’ खुसखुसली. पोरं त्यांना मागून ‘पुराव्याच्या बाई’ म्हणायची, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

धडा होता एका म्हाताऱ्या बापाचा. लेकीनं त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं. बाप रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तिची वाट बघतो आणि तसाच एक दिवस डोळे मिटतो. आशुतोषनं उठून गाइड घडाघडा म्हणून दाखवलं, “प्रस्तुत पाठात पित्याच्या निस्सीम प्रेमाचे दर्शन घडते.” बाईंनी त्याला खाली बसवलं. खरं तर गाइडचं त्यांना पटत होतं. त्यांची लेक श्रुतीसुद्धा तीन वर्षांपूर्वी अशीच लग्न करून गेली होती, वाशीला राहत होती. बाई एकट्या. घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून संध्याकाळी टीव्ही मोठ्यानं लावून ठेवायच्या. आईची माया या पोरीला कधी कळणार, असं मनात यायचं आणि जेवण नकोसं व्हायचं.

मग क्षिप्रा उठून उभी राहिली. भारी हट्टी पोर.

“बाई, माझं मत असं, की ते आजोबा वाट बघतच नव्हते. रुसून बसले होते.”

“पुरावा?”

“लेक शेजारच्याच गावात होती. दुसऱ्या परिच्छेदात आहे. आजोबा बाजाराला त्याच गावात जायचे, पण तिच्या दाराशी एकदाही गेले नाहीत. साधा निरोपसुद्धा धाडला नाही. मग वाट कसली बघत होते?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी पुस्तकात दुसरा परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. इतकी वर्षं त्या हा धडा शिकवत होत्या. पोरीचं बरोबर होतं. “बस,” त्या हळूच म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर त्या घराकडे वळल्याच नाहीत. फाटकापाशी रिक्षा उभी होती, तीत बसल्या. काय बोलायचं ते दारात गेल्यावर बघू, पण जायचं तर आजच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

“वाशी,” त्या म्हणाल्या.

रिक्षावाल्यानं मीटर पाडलं. “वाशीत कुठं, मावशी? सेक्टर कोणता?”

सेक्टर बाईंना ठाऊकच नव्हता. श्रुतीकडे जाणं-येणं असलेली त्यांची बहीण तिचा पत्ता सांगायला लागली, की दर वेळी त्यांनीच विषय बदलला होता.