वारा फिरवा ना!

डोंगरावरच्या सोसायटीत साखरपुड्याची पंगत बसली आणि समोरच्या वणव्याची राख थेट बासुंदीत पडली.

"अगंबाई! अहो, वारा फिरवा ना कुणीतरी!" आत्या किंचाळली.

सेक्रेटरी सबनीसकाकांनी मोबाइलवर गच्चीतल्या वारा फिरवणाऱ्या यंत्राचं अ‍ॅप उघडलं.

"काका, थांबा! आग खालच्या धनगरवस्तीवर जाईल!" नववीतली ओजस्वी ताडकन उठली. "माणसं राहतात तिथे!"

"त्यांना आपोआप सूचना जाते गं. भरल्या पानावरून उठू नये, बस."

काकांनी बटण दाबलं. राख पडायची थांबली. ज्वाळा उताराने खाली वळल्या आणि आधी शेळ्यांचा, मग बायकांचा आक्रोश वर आला.

"आता कसं मोकळं वाटतंय! वाढा हो, बासुंदी वाढा," आत्या म्हणाली.

ओजस्वी तिथेच भडाभडा ओकली.

आत्याने नाकाला पदर लावला. "ई, काय ही घाण! पाहुण्यांसमोर तरी लाज बाळग!"