उरलेला एक आवाज

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर झाडूनपुसून लेकीने टीव्हीला जोडला आणि त्यावर चाल बांधायला सॉफ्टवेअर निवडायला बसली. एकात पियानोची देखणी पट्टी होती, दुसऱ्यात नुसते आकड्यांचे रकाने. तिने रकाने घेतले.

"अगं, हे काय गाड्यांचं वेळापत्रक घेऊन बसलीस?" गॅसवरच्या दुधावर डोळा ठेवून तिच्या शर्टाला इस्त्री करत बाबा म्हणाले.

"बाबा, या कॉम्प्युटरला एका वेळी तीनच आवाज काढता येतात. एक चालीत गेला, एक ठेक्यात. बाकी सगळा डोलारा उरलेल्या एकट्यावर. त्याला हवं तसं पळवता येतं ते या रकान्यांतच."

तिने बटण दाबलं. तो एकटा आवाज तीन सुरांवरून असा भरभर पळाला, की तिघं मिळून वाजवतायत असंच वाटावं.

बाबा दूध विसरून ऐकत राहिले. "कमाल आहे! एकटाच आहे हे कळतसुद्धा नाही गं."

"नाहीच कळत," उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करत लेक म्हणाली. "शाळेत घरच्या माणसांचं चित्र काढायला सांगेपर्यंत मला तरी कुठं कळलं होतं, की घरात आपण दोघंच आहोत?"