आधी काम, मग खूण

यंत्र तिसऱ्यांदा मेलं. या खेपेला दोन तास अकरा मिनिटांनी. आदल्या खेपेला सतराच मिनिटांत, आणि त्याच्या आधी अख्खा दिवस ठणठणीत चालून संध्याकाळी अचानक. तापालाही काही वेळ-काळ असतो, या दुखण्याला तोही नव्हता.

टेबलावरचं ते चपटं यंत्र परवा इस्पितळात जायचं होतं. खाटेवरच्या माणसाच्या हृदयाचे ठोके तारेतून नर्सच्या टेबलापर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. ते ठोके तारेवर चढवणारा प्रोग्राम, म्हणजे यंत्राचा ड्रायव्हर, तिनंच लिहिला होता, बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी.

पलीकडच्या खुर्चीवरचे काका तिचे वरिष्ठ. चाळिशीच्या आतच केस पिकले म्हणून सगळ्यांचे काका झालेले. लाखात एकदा होणाऱ्या गोष्टीसाठी माल अडवून धरायचा नसतो, लाखात एकाचं नशीब म्हणायचं आणि खोकं बंद करायचं, असं ते सकाळपासून दोनदा म्हणून झाले होते. ती हसली नव्हती.

खरा ताप वेगळाच होता. नेमकं कुठं बिनसतं ते बघायला तिनं प्रोग्राममध्ये एखादी नोंदीची ओळ घातली, की यंत्र शहाण्यासारखं चालायचं. ओळ काढली, की पुन्हा तेच. बाई वर्गात असेपर्यंत सगळी पोरं हाताची घडी घालून बसतात, तशातली गत.

फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता: आज लवकर सुटलोय, चारपर्यंत घरी. तिला बरं वाटलं. लेक आठ महिन्यांची. तिच्या इवल्याशा हृदयात जन्मापासूनच एक भोक होतं. ऑपरेशन होईपर्यंत सकाळी आठला आणि दुपारी चारला औषधाचे थेंब. डॉक्टरांनी बजावलं होतं, एखादी वेळ चुकली तर चालेल, पण एका वेळी दुप्पट गेलं तर हृदय मंदावत जाऊन थांबेल. म्हणून तिनं स्वतः चौकटी आखून कागद केला आणि फ्रिजवर लावला. चौकट रिकामी दिसली तर घरात असेल त्यानं औषध द्यायचं, आणि मग खूण करायची. एकदा सासूबाईंनी आधी खूण केली, तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि औषध राहूनच गेलं. तेव्हापासून नियम पक्का झाला: आधी पोटात, मग कागदावर. ती घरी असली की कागद बघायचीही वेळ यायची नाही, सगळं तिच्या डोळ्यांपुढेच व्हायचं.

फोन पालथा ठेवून ती पुन्हा ओळींवर वाकली. कुर्ता छातीशी ओला झाला होता. तिनं ओढणी पुढे घेतली.

चार वाजून वीस मिनिटांनी ते सापडलं. काका खुर्ची सरकवत जवळ आले.

"बघा," ती म्हणाली. "इथं दोन थ्रेड आहेत, एकाच वेळी शेजारी शेजारी चालणारे. दोघंही ठोके साठवायचा एकच बफर मोकळा करायला बसलेत. मोकळा केला की खूण करायची, म्हणजे दुसरा त्याला हात लावणार नाही. पहिला बघतो, खूण नाही. कामाला लागतो. त्याचं काम संपून खूण होणार, तेवढ्या फटीत दुसरा येऊन बघतो. खूण नाहीच. तोही कामाला लागतो. एकच बफर दोनदा मोकळा होतो, आणि यंत्र जागच्या जागी गप्प."

"आणि दोघांतला मागचा खूण करायला गेला, की त्याला कळत नाही? ती आधीच झालेली असते ना?"

"त्याला काय त्याचं. खुणेवर खूण करतो आणि गुमान पुढे जातो. नोंदीत सगळं बरोबरच दिसतं. खूण एकच."

"मग आधी खूण करून टाकायची, मग काम. साधं आहे की. असं उलटं लिहिलंय कुणी?"

तिनं बोट ठेवून दाखवलं. ओळीच्या वर तिचीच टीप होती: काम पुरं झाल्याशिवाय खूण करू नये, नाहीतर काम राहून जातं.

काका हसले. म्हणाले, आधी काम, मग खूण, ही तुझी जुनीच सवय.

ती त्यांच्याबरोबर हसायला गेली. हसू अर्ध्यावरच राहिलं. नजर आधी त्या टिपेवर, मग पालथ्या फोनवर गेली. तिनं तो उचलला, घरचा नंबर लावला. चौथ्या रिंगला सासूबाईंनी घेतला.

"आई, चारचं औषध?"

"दिलं की अगं, चाराच्या ठोक्याला. थोडं लाळेऱ्यावर ओघळलं, ते धुवायला लगेच बाथरूममध्ये गेले. तेवढ्यात हाही आला. आता त्याच्याच खांद्यावर आहे. एरवी या वेळेला किती किरकिरते, आज बघ कशी शांत पडलीये."

तिच्या हाताखाली टेबलाची कड गार लागत होती. काका काहीतरी विचारत होते.

"आई, कागदावर खूण कुणी केली?"

"खूण ना? लाळेरं वाळत घालून करायला गेले, तर आधीच केलेली. म्हटलं, मीच केली असेन. हल्ली कुठं लक्षात राहतं."