निमिषचा कोट

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या लायब्ररीत महायुद्धकाळातल्या रेशनिंगचं प्रदर्शन होतं. काटकसर दाखवायच्या हौसेपायी मीनाक्षीने नवऱ्याचा चांगला लोकरी कोट कापून स्कर्ट शिवला. निमिष व्हिसा स्टॅम्पिंगसाठी भारतात, नागपूरच्या घरी गेलेला. मग विचारायचं कोणाला, हे तिचं सोयीचं उत्तर.

प्रदर्शनातून आणलेल्या त्या काळच्या शिवणपुस्तिकेतली पहिली सूचना तिने शेवटी वाचली: 'जो परत येणार नाही, त्याचाच कोट कापावा.'

तिने घाईने व्हिडिओ कॉल लावला. नागपूरच्या मे महिन्यात निमिष ब्लँकेट गुंडाळून कुडकुडत होता.

"मीनू, माझा कोट आहे ना गं?"

"आहे की! कपाटातच," म्हणत तिने स्कर्ट मांडीखाली सरकवला.

नेहमी 'येतो गं' म्हणून फोन ठेवणारा निमिष हसला.

"बरं. चल, जातो."